दोघा भावांना एकाच दिवशी रजा

प्रति,
मा. कार्मिक अधिकारी,
सागरी तेल व वायू उत्पादन विभाग,
किनारा कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : क्रेनचालक, पाळी दुसरी, गॅस प्लॅटफॉर्म.

विषय : मला व माझ्या थोरल्या भावाला एका दिवसाची एकत्र रजा पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्याबाबत, ते न जमल्यास पाच वर्षांच्या एका मुलीला हेलिपोर्टच्या प्रतीक्षागृहात बसू देण्याबाबत.

संदर्भ : १) आम्हा दोघांचा संयुक्त रजेचा अर्ज. २) तो नामंजूर केल्याचे आपले पत्र. ३) मी सोमवारी कामावर हजर व्हावे, अशी आपली शेवटची नोटीस.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, गेल्या दोन महिन्यांतला हा माझा चौथा अर्ज आहे. पहिल्या अर्जावर आपण रजा वाढवून दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. दुसऱ्यावरही दिलीत, पण खाली 'यापुढे विचार होणार नाही' असा शेरा मारलात. तिसऱ्या अर्जात मी किनाऱ्यावर बदली मागितली होती. त्यावर 'किनाऱ्यावर क्रेनचालकाचे पद उपलब्ध नाही' असे उत्तर आले. मी पद मागितले नव्हते, जागा मागितली होती. फाटक उघडायला, भांडारात पेट्या रचायला, कुठेही चालले असते. असो. आवक विभागातल्या बाई आता मला चेहऱ्याने ओळखतात. मागच्या वेळी त्यांनी शिक्का मारण्याआधी मला बसवले, पाणी दिले आणि म्हणाल्या, "या वेळी काय ते एकदाच सगळं लिहा हो. असं तुकड्यातुकड्यांनी लिहिलं तर साहेबांना कळणार कसं?" म्हणून या वेळी सगळे लिहीत आहे. अर्ज लांबला आहे, सांभाळून घ्यावे.

२. माझे थोरले बंधू (यापुढे 'दादा') आणि मी एकाच क्रेनचे चालक होतो. कागदावर त्याला आदरार्थी लिहायला हवे, पण मी त्याला जन्मात कधी 'अहो' म्हटलेले नाही. दादा पहिल्या पाळीचा, मी दुसऱ्या. पंधरा दिवस तो समुद्रात आणि मी घरी, पुढचे पंधरा दिवस मी समुद्रात आणि तो घरी. प्लॅटफॉर्मवर आमची खाट एक, कपाट एक आणि क्रेनच्या केबिनमध्ये खुर्चीही एकच. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्यामुळे पाळीवर गेल्यावर माझे पहिले काम खुर्ची पुढे ओढायचे आणि त्याचे पहिले काम ती मागे ढकलायचे. आमच्या या भांडणापायी खुर्चीचा खटका दोनदा बदलावा लागला, त्याची नोंद दुरुस्ती विभागाकडे असेल.

ही जोडी आम्ही स्वतः मागून घेतली होती. वडील नाहीत, आईचे गुडघे कामातून गेलेले, तेव्हा दोघांपैकी एक तरी कायम घरी असावा, असा आमचा विचार. आपल्या आधीच्या साहेबांनी तेव्हा विचारलेही होते, की मग तुम्ही दोघे एकमेकांना भेटणार कधी. दादा हसून म्हणाला होता, "लहानपणी एका खोलीत राहिलोय साहेब. तेवढी भेट जन्माला पुरेल." घरी येऊन आम्ही ही गोष्ट आईला मोठ्या फुशारकीने सांगितली. आपण फार अक्कलहुशारी केली, असे आम्हाला वाटत होते.

३. बदली माणूस डेकवर उतरल्याशिवाय आधीच्या क्रेनचालकाने हेलिकॉप्टरमध्ये पाय ठेवायचा नाही, हा कंपनीचा नियम आहे. नियम बरोबर आहे. खाली रसद घेऊन आलेली बोट लाटांवर वरखाली होत असते आणि पाइपांचा भारा हवेत लोंबकळत असतो, तेव्हा खुर्चीत कोणीतरी हवेच. माझी नियमाबद्दल तक्रार नाही.

या नियमामुळे आमची भेट व्हायची ती हेलिडेकवर. वर पंखा फिरत असतो, कानांवर वाट्या चढवलेल्या असतात, बोललेले ऐकू येत नाही. उतरणारा भाऊ चढणाऱ्या भावाच्या हातात किल्ली द्यायचा. घराची आणि स्कूटरची, एकाच कडीत. स्कूटर आमच्यात एकच होती. समुद्रात जाणारा ती हेलिपोर्टच्या शेडमध्ये लावायचा आणि उडायचा. परतणारा तीच सुरू करून घरी जायचा. हेल्मेटही तेच. हेलिडेकवर हातात सुटी वस्तू धरायला मनाई आहे, हे ठाऊक असूनही आम्ही हे वर्षानुवर्षे केले. हेलिडेक अधिकारी नेमके त्या क्षणी वाऱ्याची दिशा बघण्यात गुंतलेले असायचे. त्यांच्यावर कारवाई होऊ नये. किल्ली देताघेताना दादा माझा हात दुखेपर्यंत दाबायचा, लहानपणापासूनची खोडच होती त्याची. आमची भेट ती एवढी.

४. दादाची मुलगी पाच वर्षांची आहे. तिच्या परवानगीशिवाय आमच्या घरात टीव्हीसुद्धा लागत नाही, म्हणून तिला सगळे 'फौजदार' म्हणतात. या अर्जात तिचा उल्लेख त्याच नावाने केला आहे.

फौजदारने कळायला लागल्यापासून एकच पाहिले आहे. सकाळी बाबा हेल्मेट घालून स्कूटरवरून जातो आणि दुपारी त्याच स्कूटरवरून काका उतरतो आणि तेच हेल्मेट काढतो. तीन वर्षांची असताना तिचा पक्का समज होता, की ही सगळी करामत हेल्मेटची आहे. एकदा तिने ते स्वतःच्या डोक्यात घातले, आरशासमोर उभी राहिली, काढले आणि आपल्या आईला विचारले, "आता मी कोण झाले?" दादा तेव्हा समुद्रात होता. मी त्याला फोनवर हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सांग तिला, फौजदारची हवालदार झालीस."

पुढे शहाणपण आल्यावर तिने हेल्मेटचा नाद सोडला आणि आपला आपण नियम काढला: काका गेल्याशिवाय बाबा येत नाही आणि बाबा गेल्याशिवाय काका येत नाही. महोदय, हा आपल्याच कंपनीचा नियम आहे. तो तिला कोणी शिकवला नाही आणि तिच्या डोळ्यांदेखत तो एकदाही मोडलेला नाही. उलट आम्ही त्याला खतपाणी घातले. मी निघताना तिने भोकाड पसरले, की मी म्हणायचो, "अगं, मी गेलो तरच बाबा येणार ना?" मग ती डोळे पुसायची आणि स्वतःच हेल्मेट आणून द्यायची. दादाही निघताना तेच सांगायचा. आम्हाला ते सोपे पडायचे.

५. पाचव्या वाढदिवसासाठी तिने फर्मान काढले, की बाबा आणि काका दोघेही हवेत, एकाच वेळी, सोफ्यावर, आणि मध्ये ती बसणार. आम्ही दोघांनी मिळून अर्ज केला (संदर्भ १). आपले उत्तर आले, की एकाच पदावरील दोन्ही कर्मचाऱ्यांना एकाच दिवशी रजा अनुज्ञेय नाही, कारण बदली क्रेनचालक उपलब्ध नाही. दादा फोनवर म्हणाला, "जाऊ दे, सहाव्याला बघू." वाढदिवसाला घरी असण्याची पाळी माझी होती. मी सोफ्याच्या एका टोकाला बसलो, फौजदार मध्ये बसली आणि दुसऱ्या टोकाला तिने दादाची उशी उभी करून ठेवली. फोटोत उशी नीट आली आहे.

६. त्यानंतर दोन महिन्यांनी दादा घरी असताना गेला. सकाळी दाढी करता करता खाली बसला तो उठलाच नाही. हृदय बंद पडले. आधी दुखले-खुपले असे काही नव्हते. मी तेव्हा समुद्रात होतो. मला रेडिओच्या खोलीत बोलावले. फोनवर आधी वहिनी होत्या, त्यांनी फोन आईकडे दिला. मग आई म्हणाली, "दादा आपल्याला सोडून गेला रे. तू ये."

हवा स्वच्छ होती. दुपारी हेलिकॉप्टर होते आणि त्यात जागाही होती. प्लॅटफॉर्मचे मोठे साहेब माणूस चांगले. त्यांनी माझ्यासमोर किनाऱ्याला फोन लावला. किनाऱ्यावरून विचारणा झाली, की क्रेनचालकाला सोडायचे तर त्याचा बदली कोण आहे ते सांगा. साहेबांनी यादी काढली. यादीत माझा बदली म्हणून दादाचेच नाव होते. साहेब त्या नावाकडे बघत बसले. मग त्यांनी यादी उलटी करून टेबलावर ठेवली.

त्या दिवशी दादा घरी होता. मलाही घरी असायचे होते. एकाच पदावरील दोघे एकाच दिवशी घरी असू शकत नाहीत, हा आपला नियम त्या दिवशीही पाळला गेला. संध्याकाळी रसदीची बोट आली. मी क्रेनवर चढलो आणि भाजीच्या पेट्या, पाण्याच्या टाक्या वर घेतल्या. एकही आपटली नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून बदली क्रेनचालक आला. म्हणजे बदली क्रेनचालक होता. तो वाढदिवसालाही असणार. हे मी रागाने लिहीत नाही. खोटे कशाला बोलू, रागानेच लिहीत आहे. तो हेलिकॉप्टरमधून उतरला तेव्हा मी सवयीने हात पुढे केला. त्या बिचाऱ्याला वाटले, मी हस्तांदोलन करतोय. त्याने हात हातात घेतला आणि सोडला. किनाऱ्यावर उतरल्यावर मी शेडपाशी जाऊन उभा राहिलो. मग लक्षात आले, की स्कूटर घरी आहे. टॅक्सीने घरी पोहोचलो, तोवर सगळे उरकले होते आणि शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्यासुद्धा परत गेल्या होत्या.

७. मी टॅक्सीतून उतरलो तेव्हा फौजदार दारात होती. तिने माझ्यामागे कोणी आहे का ते पाहिले आणि आत गेली.

तिला कोणी सांगितले नाही, असे नाही. वहिनींनी सरळ शब्दांत सांगितले. आईने सांगितले. शाळेतल्या बाईंनी जवळ घेऊन समजावले. ती सगळे ऐकते, मान डोलावते, 'हो' म्हणते आणि मग माझ्याकडे येऊन विचारते, "काका, तू कधी जाणार?" माझ्यावर राग नाही तिचा. उलट फार लाड चालले आहेत माझे. माझी बॅग तिनेच भरून दाराशी ठेवली आहे. आत माझे मोजे, दादाचा कंगवा आणि तिचे स्वतःचे एक खोडरबर आहे. हेल्मेट रोज फडक्याने पुसते. परवा मला समजावून सांगितले, "तू गेलास की बाबा येईल. मग थोडे दिवस राहून तो जाईल, मग तू परत ये. तुला कोणी कायमचं जा म्हणत नाहीये."

महोदय, मी घरात बसून राहिलो आहे तो या कारणाने. आजारपण, नैराश्य वगैरे जे मी आधीच्या अर्जांत लिहिले होते, ते रकाना भरण्यापुरते होते. मी घरी आहे तोवर तिचा बाबा समुद्रात आहे. ज्या सकाळी मी निघेन, त्या दुपारी तो यायला हवा, आणि तो येणार नाही.

आणि सगळे लिहायचेच ठरले आहे तर हेही लिहितो. हे एकट्या तिचे नाही. मी दादाला शेवटचे पाहिले ते हेलिडेकवर. त्याने माझ्या हातातून किल्ली घेतली, हात दाबला आणि वाकून हेलिकॉप्टरमध्ये चढला. चांगला धडधाकट होता. त्यानंतरचे मी काहीच पाहिलेले नाही. त्यामुळे घरात बसलो की मलाही तो समुद्रातच आहे असे वाटते. जेवताना वाटते, आता तो क्रेनवर असेल, खुर्ची मागे ढकलून बसला असेल. सोमवारी मी केबिनमध्ये चढेन आणि खुर्ची कुठेही असली तरी ती दादाने मागे ढकललेली नसेल. ते मला बघायचे नाही.

८. मध्यंतरी मला एक उपाय सुचला होता. दादाची दूरच्या प्लॅटफॉर्मवर बदली झाल्याचा आदेश आपण काढावा, मुदत न घालता, गोल शिक्क्यासह. फौजदारचा गोल शिक्क्यावर फार विश्वास आहे. मी मसुदाही तयार केला होता. वहिनींनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "भाऊजी, तोंडी खोटं एक वेळ पचतं. कागदावर आलं की जन्मभर निस्तरावं लागतं. आणि तिला आता वाचता येतंय." सबब ती मागणी मी करण्याआधीच मागे घेत आहे.

९. माझी मूळ मागणी अशी, की तिच्या पाचव्या वाढदिवसाची आमची संयुक्त रजा आपण आज मंजूर करावी. मागाहून मंजुरी देता येत नाही, असे कृपया लिहू नये. कॅन्टीन सुरू होऊन सहा महिने झाल्यावर आपण त्याच्या ठेक्याला पूर्वलक्षी प्रभावाने मंजुरी दिली होती, हे सगळ्या प्लॅटफॉर्मला माहीत आहे.

त्या दिवशी दादा सोफ्याच्या खिडकीकडच्या टोकाला बसला असता, कारण तिथे पाय लांब करता येतात. त्यावरून आमची सकाळीच जुंपली असती. घरात घालायच्या सपाताही दोघांत मिळून एकच जोड आहे, तेव्हा एकाला अनवाणी फिरावे लागले असते, आणि तो एक मी असतो. आईने अकरा वर्षांत आम्हा दोघांना एका वेळी जेवायला वाढलेले नाही. तिने नक्की कोणाला तरी दोनदा वाढले असते. फौजदार मध्ये बसून एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत राहिली असती. आणि तिला दिसले असते, की दोघे एकाच वेळी असू शकतात. एक येतो तो काही दुसरा गेला म्हणून येत नाही. नियम तिच्यासमोर एकदा, एकदाच, मोडला असता. मग आज तिच्या आईने 'बाबा येणार नाही' म्हटल्यावर तिला ते पटले असते. ती रडली असती. आता ती रडतसुद्धा नाही, महोदय. वाट बघते.

मलाही एक दिवस दादाच्या शेजारी बसायला मिळाले असते.

ही मंजुरी दिल्याने आता प्रत्यक्षात काय बदलणार, असे आपण विचाराल. कुठेतरी तसे लिहिलेले राहील.

१०. वरील मागणी मान्य होणे कठीण आहे, हे मी जाणतो. म्हणून दुसरी मागणी करतो. ही माझी नाही, वहिनींची आहे, आणि ती ऐकल्यावर मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नव्हतो. आता माझा विरोध उरलेला नाही.

वहिनी गेले काही दिवस मागच्या मोकळ्या मैदानात स्कूटर शिकत आहेत. दोनदा कुंपणात घातली, आता जमते. सोमवारी त्या मला आणि फौजदारला घेऊन हेलिपोर्टवर येतील. लहान मुलांना फाटकाच्या आत सोडत नाहीत, असा नियम आहे. तो त्या एका दिवसापुरता शिथिल करावा आणि फौजदारला प्रतीक्षागृहातल्या काचेजवळच्या बाकावर बसू द्यावे. मी तिच्यासमोर जाईन. तेच हेलिकॉप्टर पाळी संपलेल्या माणसांना घेऊन परत येते. तोवर तिला तिथेच राहू द्यावे. माणसे उतरतील, ती एकेकाला बघेल. शेवटचा माणूस उतरून पंखा थांबेपर्यंत तिला कोणी तिथून उठवू नये. वहिनी म्हणतात, "घराच्या दारात उभी राहून वर्षभर वाट बघण्यापेक्षा तिथे एकदाच बघू दे. मी जवळ असेन. त्यानंतर जे होईल ते माझ्या कुशीत होऊ दे."

फाटकावरचे रखवालदार मुलांना गमतीने 'बाबा काय आणणार?' असे विचारतात. माणूस प्रेमळ आहे, पण सोमवारपुरती त्यांना कल्पना द्यावी.

११. आणखी एक. पहिली मागणी नामंजूर करायची झाल्यास ते पत्र, मागच्यासारखेच, आम्हा दोघांच्या नावाने काढावे. मागच्या पत्रात वरच्या ओळीत आमची नावे शेजारीशेजारी आली आहेत. आईने ते पत्र जपून ठेवले आहे. आम्ही दोघे एकत्र आहोत असे घरात तेवढे एकच आहे, कारण फोटोत तर उशी आहे.

सोमवारी मी वेळेवर हजर होत आहे. माझ्या जागी गेले दोन महिने राबणाऱ्या बदली चालकाला कळवावे, की मी डेकवर उतरल्यावर त्याच्याशी नीट हस्तांदोलन करीन. मागच्या वेळी माझे लक्ष नव्हते.

आपला,
सोमवारपासून पुन्हा क्रेनचालक,
पाळी दुसरी

(सही)

(पहिल्या पाळीच्या सहीची जागा मोकळी सोडली आहे.)

दिनांक : ११ मार्च

सोबत :
१. संयुक्त रजा नामंजूर केल्याच्या पत्राची छायाप्रत. मूळ पत्र आई देत नाही.
२. वाढदिवसाचा फोटो. पाहून परत करावा.
३. प्रवेशपरवान्यासाठी मुलीचा फोटो. मागे नाव तिने स्वतः लिहिले आहे. 'फौजदार' असेच लिहिले आहे, चालवून घ्यावे.
४. किल्ली जोडलेली नाही. ती वहिनींच्या हातात दिली आहे.